ओव्हाळ गुरुजींचं उतरणं

ओव्हाळ गुरुजींची आणि माझी पहिली भेट गोल गोल झाली. गोल फिरत होते ते. मी शाळेच्या पटांगणात मधोमध, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात नेमणुकीचा हुकूम घेऊन उन्हात उभी. ‘नमस्कार बाई. हुकूम आनलाय न्हवं?’ असं विचारत एक सायकल समोरून गेली. मी ‘हो’ म्हणेपर्यंत ती चिंचेला वळसा घालून शाळेच्या मागे दिसेनाशी झाली. परत आली ती पुढचा प्रश्न घेऊन. ‘भोरच्याच का तुमी?’ मी मान वळवून सांगायला लागले, तर ऐकायला कुणी नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मुख्याध्यापक असशील तुझ्या घरचा, पण बाईमाणूस ट्रंक घेऊन आलंय, तर खाली उतरून दोन शब्द बोलायला काय झालं?

तेवढ्यात मुलींनी शाळेच्या ओट्यावर वाळत ठेवलेला फळा उचलून आत नेला, आणि नाव काठाला लागावी तशी सायकल ओट्याला लागली. गुरुजींनी ओट्यावर एक पाय टेकला, मग दुसरा टेकला, धोतर झटकलं आणि एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, ‘क्षमा करा बाई. ओटा मोकळा नव्हता.’ सायकलवर असले की त्यांची बोली गावची असे आणि जमिनीवर आले की जिल्हा परिषदेची. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी ह्या विक्षिप्त माणसाच्या हाताखाली किती दिवस काढायचे, ह्याच काळजीत होते.

खरी गोष्ट त्यांनीच मला चहा पिताना हळू आवाजात सांगितली. गुरुजींना सायकल चालवता येत होती, पण उतरता येत नव्हतं. चाळिशीला आल्यावर ते सायकल शिकले. शिकवायला होता एक ग्रामसेवक. त्यानं पहिल्या दिवशी चढायचं शिकवलं, दुसऱ्या दिवशी चालवायचं शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची बदली झाली. ‘अभ्यासक्रम अपुरा राहिला,’ गुरुजी म्हणाले. त्यात गुरुजींचे पाय आखूड आणि सायकल उंच. किकवीला घरापुढच्या दगडावर उभं राहून बसायचं, ते थेट शाळेच्या ओट्यावर पाय टेकायचा. संध्याकाळी ओट्यावरून निघायचं, ते दगडावर पोचायचं. मधे थांबणं नाही. वाटेत कुणी बोलायला लागलं की गुरुजी मागे वळून ओरडायचे, ‘उद्या ह्याच टायमाला हितंच उभं ऱ्हावा, पुढलं सांगतो.’ आणि माणसं खरोखर उभी राहायची. एका लग्नाची बोलणी तर अशी आठवडाभर चाललेली मी पाहिली आहेत.

गाव किकवी आणि भोंगवलीच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण त्या गावात माझी उठबस अजून आहे आणि मला म्हातारपणी भांडणं नकोत. शाळेच्या वाटेवर चावडी, आणि चावडीच्या कट्ट्यावर आबा पाटील. पाटीलकी सरकारनं काढून घेतली होती, पण आबा कट्ट्यावर तसेच बसलेले. गावाची एक रीत होती. सायकलवाल्यानं चावडीच्या अलीकडे उतरायचं, सायकल हातात धरून चालत जायचं आणि पलीकडे गेल्यावर परत बसायचं. मराठ्यांची पोरं आबांना मान म्हणून उतरत, जमलं तर उतरत, घाई असली तर नुसती मान हलवून जात. पण वस्तीतल्या माणसाला तशी सवलत नव्हती. वस्ती नुकती बौद्ध झालेली. त्यांच्या म्हाताऱ्यांनी चावडीपुढून वहाणा हातात घेऊन जायचे दिवस काढले होते. ते बंद झालं, आणि मग सायकली आल्या. सायकल नवी, पण रीत तिच्यासाठी तयारच होती.

आणि ओव्हाळ गुरुजी, त्याच समाजातले, रोज सकाळी घंटी वाजवत चावडीपुढून बसल्या सायकलीवर जात होते. कुणासाठी उतरत नव्हते.

आता सांगा, ह्याचा अर्थ गावानं काय घ्यावा? वस्तीत त्यांचं नाव झालं. बायका पोरांना कडेवर घेऊन रस्त्याशी येत आणि दाखवत, ‘बघ, त्ये आपलं गुरुजी. चावडीला उतरत न्हाईत.’ त्यांचाच जुना विद्यार्थी सुदाम, मॅट्रिक झालेला, डोकं तापट, तो तर भाषणात सांगायचा की गुरुजींची सायकल म्हणजे आपली मान आहे. गुरुजी हे ऐकून घामाघूम होत. मी म्हटलं, ‘अहो, मग शिकून घ्या ना उतरायला. दोन दिवसांचं काम.’ तर म्हणाले, ‘बाई, आता शिकायला लागलो तर सगळ्यांना दिसेल, की येत नव्हतं. माझं एक सोडा. त्या माणसांनी एवढी वर्षं मान खाली घातलेली. आता वर केली आहे ती माझ्या अडाणीपणावर. ती खाली कशी पाडू?’

ह्या सगळ्यात मोत्या होता. आबांचा कुत्रा, पांढरा, कानावर काळा डाग, दिवसभर चावडीच्या लिंबाखाली पडलेला. बैलगाडी गेली तरी डोळा उघडायचा नाही. एसटी गेली तर शेपटी हलवायचा. पण गुरुजींची सायकल आली की बाणासारखा सुटायचा, ते शाळेपर्यंत. गुरुजी पाय वर घेऊन ‘हाड, हाड’ करत, धोतर सांभाळत कसेबसे येत. ओट्याला लागले की मोत्या थांबायचा, त्यांच्याकडे बघायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात परत जायचा.

कुत्रं सायकलवाल्याच्याच मागे का लागतं, ह्यावर गावात कुणाचं एकमत नव्हतं. आबा म्हणायचे, फिरतं चाक बघून कुत्र्याला घेरी येती, म्हणून ते चिडतं. आबांच्या भावकीतले म्हणायचे, ‘मास्तर उतरत न्हाई, म्हनून धरतंय. मुक्या जनावराला बी रीत कळती.’ मी म्हटलं, मोत्याला एवढी रीत कळते तर त्याला पंचायतीत घ्या. वस्तीत एकच मत होतं, आबा मागून ‘छू’ म्हणतात. गुरुजींचं सायकलवरचं मत वेगळं. ‘बाई, आपन त्याला हाड म्हनतो आन् देत न्हाई. रोज. मग त्यो मागायला यीलच की.’ जमिनीवरचं मत त्यांनी चौथीच्या वर्गात सांगितलं. ‘मुलांनो, कुत्रा पळणाऱ्याच्या मागे लागतो. जो थांबतो, त्याचं काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून थांबावं.’ एका मुलीनं हात वर केला. ‘मग गुरुजी, तुम्ही का थांबत नाही?’ गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पुढचा धडा काढा.’

मग रस्त्याचं काम निघालं आणि चावडीपुढं खडीचा ढीग पडला. सकाळी मोत्या सुटला, गुरुजींनी पाय वर घेतले, धोतराचा सोगा चेनमध्ये गेला आणि गुरुजी खडीवर. मी शाळेतून धावत गेले तेव्हा गुरुजी हात धरून बसले होते आणि मोत्या त्यांच्या शेजारी शांत बसून डब्यातून सांडलेली त्यांचीच भाकरी खात होता. मला बघून त्यानं शेपटी हलवली. एवढा निर्लज्ज कुत्रा मी पाहिला नाही. एसटीनं गुरुजींना भोरला नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून परत आणलं, तोवर इकडे गाव पेटलेलं.

सुदाम आणि वस्तीतली पोरं चावडीपुढं उभी. ‘आबांनी कुत्रं घातलं अंगावर. आमी पाह्यलंय. भोरला ठाण्यात जातोय.’ खरं तर कुणी काही पाहिलं नव्हतं. आबांची भावकी काठ्या घेऊन कट्ट्यावर. आबा लालबुंद, पण आवाजात कापरं. ‘कुत्रं मारून टाकतो, मंग तर झालं?’ आणि मोत्याला दोरीनं लिंबाला बांधलेलं. ते येडं दोरी चघळत बसलेलं. मी गुरुजींना म्हटलं, घरी चला, निवू द्या जरा. गुरुजी गळ्यातल्या झोळीत हात घालून चावडीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘बाई, आज उतरावं लागणार.’

ते मधे जाऊन उभे राहिले. पायांवर होते, पण बोलले सायकलवरच्या बोलीत. ‘सुदाम, आबा छू म्हनले न्हाईत. म्या रोज जातो, मला माहीत हाय. खोटी फिर्याद द्यायला म्या तुला शिकवलं न्हाई. आन् कुत्र्याची बी चूक न्हाई. त्ये थांबन्याची वाट बघतंय आन् म्या थांबत न्हाई.’

‘कशाला थांबायचं गुरुजी? चावडीपुढं?’ सुदाम म्हणाला.

‘चावडीचं न्हाई रं. मला उतरताच येत न्हाई. पहिल्यापासून. ओटा असला तर येतंय.’

एकदम आबांना हसू फुटलं. ते असे हसले की त्यांना ठसका लागला आणि पाठीवर हात फिरवायला माणूस लागला. काठ्या खाली टेकल्या, भावकी हसली, मारामारीचं नाव राहिलं नाही. पण वस्तीतल्या बायकांनी पोरांना कडेवरून खाली उतरवलं आणि मुकाट घराकडे वळल्या. सुदामच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘गुरुजी, तुमी आमचं नाक कापलंत.’

‘कापलं,’ गुरुजी म्हणाले. ‘येत नव्हतं म्हनून उतरलो न्हाई, त्याचा मान खोटा. त्यो किती दिवस पुरनार? हात बरा झाला की शिकीव मला.’

सुदाम पाठ फिरवून गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आबांचा एवढा राग आला होता, पण त्यांनी तरी काय केलं, फक्त हसले. हसले, हेच लागलं.

प्लास्टर निघाल्यावर सुदाम आला. तोंड वाकडं, पण आला. शाळा सुटल्यावर पटांगणात उतरायची आणि दगडावाचून चढायची शिकवणी सुरू झाली. ‘पाय मागनं टाका गुरुजी. डावा न्हाई, उजवा.’ गुरुजी एकदा बाभळीत उतरले, एकदा शाळेच्या बागेतल्या वांग्यांत उतरले, एकदा सायकल उतरली आणि गुरुजी तिच्या मागे धावले. चौथीच्या मुली खिडकीतून बघायच्या आणि मी त्यांना दरडावताना स्वतःच तोंडाला पदर लावायची. सुदामही शेवटी हसला. वस्तीतल्या दोघातिघांनी येऊन ‘गुरुजी, ब्रेक सावकाश’ असं सांगायला सुरुवात केली. मग एका संध्याकाळी गुरुजी पटांगणाच्या मधोमध उतरले आणि उभे राहिले. सायकल सरळ, ते सरळ. ओट्यापासून लांब. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. हँडल सोडायचं विसरून ते बराच वेळ तसेच उभे होते.

गावात बातमी गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा भरलेला. आबा फेटा बांधून बसले होते, कारण आता मास्तरला उतरता येतं, आता तो उतरणार. वस्तीतली माणसं पलीकडे, वळणाशी. मी शाळेची घंटा उशिरा द्यायची ठरवली आणि चावडीशीच उभी राहिले.

किकवीकडून सायकल आली. मोत्या लिंबाखालून सुटला. गुरुजींनी चावडीच्या अलीकडे ब्रेक लावला, पाय मागून टाकला आणि खाली उतरले. आबांनी मिशीवर हात फिरवला. सुदामनं मान खाली घातली. मलाच रडू यायला लागलं.

मोत्या पुढं येऊन थांबला. एवढी वर्षं ज्याच्या मागे धावला, तो समोर उभा, आता काय करावं हे त्याला कळेना. त्यानं सायकलचं चाक हुंगलं, गुरुजींची वहाण हुंगली, आणि बसला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ‘बस, झालं का समाधान?’ म्हणाले, आणि तिथंच, दगड नाही, ओटा नाही, टांग टाकून परत सायकलवर बसले. सावकाश चावडीपुढून निघाले. कट्ट्यासमोर आले तेव्हा म्हणाले, ‘नमस्कार आबा. कुत्र्यासाठी उतरलो व्हतो.’ आणि गेले.

आबांचा हात मिशीवरच राहिला.

पुढं वर्षभरात गुरुजींची बदली वेल्ह्याकडे पासलीला झाली. डोंगरातली शाळा, वाट अशी की सायकल खांद्यावर घेऊन चढावी लागे. जिल्हा परिषदेला माणूस उतरायला शिकला हे कुणी कळवलं असेल, असं मी त्यांना म्हटलं तेव्हा ते खूप हसले होते. त्यानंतर त्यांची माझी एकदाच गाठ पडली, भोरच्या एसटी स्टँडवर. केस पार पिकलेले. ते पुन्हा दिसले नाहीत, पुढं ते वारल्याची बातमीच आली. स्टँडवर त्या दिवशी त्यांची गाडी सुटायला आली होती, तरी खिडकीतून वाकून मला विचारत होते.

‘बाई, चावडीपुढं आता वस्तीतलं कोन उतरतं का?’

‘नाही गुरुजी. कुणीच नाही.’

‘उतरता येतं न्हवं समद्यांना?’

‘सगळ्यांना येतं.’

‘मग ठीक,’ असं म्हणून ते मागे टेकून बसले.