वकीलचाचा आणि होडीची टोपली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याचा कोणी राग मानू नये. वाचणारं कोणी नसेलच म्हणा, पण वकीलचाचांविषयी लिहून ठेवावंसं वाटतं.

चाचांनी कधी कुठल्या प्रश्नाला एक उत्तर दिलं नाही. मांडवीला घराच्या ओटीवरच त्यांचं ऑफिस होतं. ‘आज पाऊस येईल का?’ विचारलं तरी म्हणत, ‘येईल असंही धरता येतं, नाही असंही धरता येतं.’ आतून चाची ओरडत, ‘जेवायचं आहे, का तेही दोन्ही धरायचं?’

त्यांच्याकडे जायची वेळ आली ती बाबलमुळे. बाबल आमच्याच होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. आमचे हे वारल्यावर मी होडी त्यालाच विकली. निम्मे पैसे रोख, उरलेले दर महिन्याला. सगळे फिटेपर्यंत होडी नावावर करायची नाही, असं स्टँपपेपरवर लिहिलं. काही महिने पैसे आले, मग बंद झाले. माझ्या सुमनला नर्सिंगला घालायचं होतं ते याच पैशांवर.

पण मासळीची टोपली येत राहिली. आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की लिलावाआधी एक टोपली मालकाच्या घरी जाते. होडी विकल्यावरही बाबल ती माझ्याकडेच पाठवायचा. मी घ्यायची, रांधायची. आणि ज्याचे बांगडे खाल्ले त्याच्याकडे पैसे कुठल्या तोंडाने मागायचे, म्हणून गप्प बसायची.

शेवटी सुमनने मला चाचांच्या ओटीवर नेऊन बसवलं. चाचा म्हणाले, ‘नोटीस देता येते. पैशांसाठी दावा लावता येतो. होडी परत मागता येते. चार माणसांत बसून मिटवताही येतं.’

‘मग मी काय करू?’

‘ते तू सांगायचं गो बाय. पण उशीर करू नकोस. दाव्याला मुदत असते, ती टळली की मलाही काही धरता येणार नाही.’

घरी येताना सुमनला विचारलं, ‘चाचा आपल्या बाजूने आहेत ना?’ ती म्हणाली, ‘आधी नोटीस तर जाऊ दे.’

नोटीस गेली. बाबलचं उत्तर आलं की वहिनींना होडीची टोपली वेळच्या वेळी पोचते, ती पैशांतच धरावी. मी रडायलाच लागले. वाटलं, मीच खाऊन बसले सुमनची फी. चाचा मात्र चष्मा पुसत हसत होते. त्यांनी बाबलला बोलावून घेतलं.

‘बाबल, होडीची टोपली कोणाकडे जाते रे?’

‘मालकाकडे.’

‘मग मालक ही. उद्या होडी हिच्या ताब्यात दे.’

‘असं कसं? होडी मी घेतलीय, चाचा!’

‘घेतलीस? मग टोपली तू प्रेमाने दिलीस. पैसे बाकीच आहेत.’

बाबल माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. होडी विकली की नाही, हे मलाही कळेनासं झालं होतं.

‘चाचा, एक काय ते सांगा ना!’ तो काकुळतीला आला.

‘दोन्ही धरता येतं. तू धर एक.’

बाबलने होडी धरली. खाली बघून म्हणाला, ‘वहिनी, इंजिन बिघडलं तेव्हा हात आखडला. सांगायची लाज वाटली, म्हणून टोपली पाठवत राहिलो.’ मला विचारायची लाज, त्याला सांगायची. चाचांनी नवे हप्ते लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

हप्ते सुरू झाले आणि सुमन नर्सिंगला गेली. मग चाचा-चाची कुवेतला मुलाकडे कायमचे जायला निघाले. मी भेटायला गेले. नेहमी मान खाली घालून बसणारी मी, पण त्या दिवशी विचारलंच, ‘चाचा, तुम्ही नसताना बाबल पुरे पैसे देईल ना?’ त्यांनी सवयीने दोन बोटं वर केली. मग माझ्याकडे बघून एक मिटलं.

‘देईल.’

एवढंच बोलले. त्यानंतर चाचा मला दिसले नाहीत.

शेवटचा हप्ता घेऊन बाबल आला तेव्हा दुसऱ्या हातात टोपली होती. मी विचारलं, ‘ही कशात धरायची रे?’

‘वहिनी, तुम्ही पण चाचांसारखं नका करू. तेल तापवा.’

त्याने नोटा ओट्यावर ठेवल्या. पैसे पुरे फिटले.