धनी कोण?

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याकडं नीट बघायचं आणि विचारायचं, "हे झालं नावापुरतं. खरा मालक कोण?" आमच्या आक्कांची ही रीतच होती. बेळगावात टिळकवाडीला त्यांचं ऑफिस. त्या कंपनी सेक्रेटरी, म्हणजे कंपन्यांची सरकारदरबारची कागदपत्रं बघणाऱ्या; मी त्यांचा हिशेबनीस. कंपनी कुणाच्या नावावर आहे एवढं सांगून हल्ली भागत नाही, ती खरोखर कुणाच्या ताब्यात आहे तेही जाहीर करावं लागतं. बाकीचे तिथं काहीतरी खरडून मोकळे होतात, हे तुम्हालाही माहीत असेल. आक्का नेमक्या तिथंच ठिय्या मांडून बसायच्या.

आणि ही खोड काही ऑफिसपुरती नव्हती. एका सत्काराला एका पुढाऱ्यानं झकास भाषण ठोकलं. टाळ्या थांबल्यावर आक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या, "वाचलं ह्यांनी. लिहिलं कुणी रं?" हसू दाबता दाबता मी बेजार झालो.

निपाणीकडच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडं होतं. कारखान्याचं घाण पाणी गावच्या विहिरींत उतरलं, लोकांनी तक्रार केली आणि कोर्टाचं समन्स निघालं. ते गेलं संचालक म्हणून नाव असलेल्या एका बाईला. बाई ते समन्स घेऊन आमच्याकडं आली. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "धन्यांस्नी विचारून सांगते." आमच्याकडं बायका नवऱ्यालाही धनी म्हणतात. नवऱ्यानं बायकोचं नाव पुढं केलं असणार, नेहमीचंच, असं धरून मी फाईल मिटायला लागलो.

आक्कांनी चष्मा वर केला. "बाई, तुमचे यजमान काय करतात?"

"त्यास्नी जाऊन लई वर्सं झाली, आक्का."

"मग हे धनी कोण गं?"

"ज्यांच्या घरी भाकऱ्या भाजते, ते. सह्या कर म्हणाले, केल्या. मला जेलात घालतील व्हय?"

आक्कांनी उठून तिला पाणी दिलं. त्यांना एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुद्द धनी आले. आक्का म्हणाल्या, "घरात धनी म्हणून हाक मारली की ओ देता न्हवं? मग सरकारलाही तेच सांगा. न्हायतर मी कळवते."

"माझ्या सगळ्या कंपन्यांचं काम काढून घेईन," गृहस्थ म्हणाले.

"घ्या की."

निम्मं ऑफिस त्यांच्या कामावर चालत होतं. पण आक्का बोलतात तसं करतात, हे धन्यांनाही ठाऊक होतं. मुकाट्यानं त्यांनी खरा मालक म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि कामही काढून घेतलं. बाईची नोकरी गेली ती गेलीच. आक्कांनी तिला एका ओळखीच्या खानावळीत लावून दिलं. आमचे पुढचे दिवस ओढाताणीचे गेले, पण खरं सांगतो, त्या ऑफिसात बसतो याचा मला अभिमान वाटायचा.

आता आक्का नाहीत. ऑफिसच्या जागी कपड्यांचं दुकान आलंय. तिथून जाताना मला त्या खटल्याचा कोर्टातला दिवस आठवतो. मागच्या बाकावर आक्का आणि ती बाई शेजारी शेजारी बसलेल्या. शिपायानं कंपनीचं नाव पुकारलं आणि बाई घाबरून उठायला लागली. आक्कांनी हात धरून तिला खाली बसवलं.

"बस गं. तुला न्हाय बोलावलं."

पुढच्या बाकावरून धनी सावकाश उभे राहिले.