वॉर्डातलं स्पॅनिश

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे आमचं घर दर तीन-चार वर्षांनी ट्रंकांत भरलं जायचं. कलकत्त्याची बदली आली तेव्हा मी पुण्याला कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून बसले होते. साठचं दशक सरत आलं होतं. नव्या गावात गेल्यावर मी नेहमी आधी खिडकीतून काय दिसतं ते बघायची. भवानीपूरच्या त्या घराच्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसत होती आणि तिच्यात माझ्याच वयाची एक मुलगी केस विंचरत उभी होती. पुढे ती माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात निघाली.

कलकत्त्यात तोंड उघडलं की कोणीतरी हसायचं. माझं बंगाली ऐकून भाजीवाला हसायचा, हिंदी ऐकून शेजारचे बिहारी गृहस्थ हसायचे, आणि कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलींपुढे माझं पुण्याचं इंग्रजी घशातच अडायचं. मराठी फक्त घरात आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीत. म्हणून कॉलेजात विषय निवडायची वेळ आली आणि आधुनिक भाषांमध्ये स्पॅनिश आणि इटालियन दिसलं, तेव्हा मी दोन्हींवर खूण केली. तिथे सगळेच कोरे असणार होते.

"याचा उपयोग काय?" आईने विचारलं.

"नोकरी मिळते म्हणतात."

"कोणाकडे? इथे कोण बोलतं स्पॅनिश?"

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "शिकू दे. पुढच्या बदलीपर्यंत काहीतरी करायलाच हवं तिला."

वर्गात आम्ही मोजक्याच मुली आणि दोन मुलगे होतो. स्पॅनिशचे सर बंगाली होते. काही वर्षं माद्रिदला राहून परत आलेले. ते कधी खुर्चीवर बसायचे नाहीत. खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या मारत क्रियापदं म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागून. इटालियन शिकवायच्या त्या मात्र खऱ्या इटालियन होत्या. एका बंगाली डॉक्टरांशी लग्न करून तरुणपणीच इथे आलेल्या, आता विधवा. पांढरी साडी नेसायच्या आणि आम्ही त्यांना सिन्योरा म्हणायचो. त्या रागावल्या की बंगालीत रागवायच्या.

या दोन भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. एकीचा कपडा दुसरीच्या अंगावर कधी जाई, कळायचं नाही. 'बुर्रो' म्हणजे इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. समोरच्या खिडकीतल्या माझ्या मैत्रिणीने एकदा सरांना सांगितलं की ती सकाळी पावाला गाढव लावून खाते. सर फेऱ्या मारता मारता थांबले आणि कधी नव्हे ते हसले.

पण वर्ग सलग कधी चालायचे? तो काळच तसा होता. भिंतींवर रोज नव्या घोषणा रंगवलेल्या असायच्या. कधी बंद, कधी ट्राम अडवलेली, कधी फाटकाशी पोलिसांची गाडी. कोणाचा तरी भाऊ घरातून नाहीसा झाल्याचं कानावर यायचं आणि त्या घरातले लोक त्याविषयी एक शब्द बोलायचे नाहीत. परीक्षेची तारीख लागायची, पुढे ढकलली जायची, पुन्हा लागायची. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची. हातात व्याकरणाचं पुस्तक, डोक्यात काहीच नाही. आई म्हणायची, "बस की गं एका जागी. पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस?" मला बसवतच नव्हतं. हे सगळं संपून कुठेतरी जावंसं वाटायचं, पण कुठे ते ठाऊक नव्हतं.

अशातच एका दुपारी सरांनी मला आणि मैत्रिणीला वर्गाबाहेर थांबवलं. खिदिरपूरच्या गोदीत एक जहाज आलं होतं. त्यावरच्या एका स्पॅनिश खलाशाचा पाय लोखंडी साखळीत सापडून चिरडला होता. जहाज त्याला इस्पितळात ठेवून निघून गेलं होतं. सर एकदा जाऊन आले होते, पण त्यांच्या घरी आजारपण होतं, त्यांना रोज जमणार नव्हतं.

"तुमचं घर जवळ आहे. जाऊन त्याच्याशी बोलत जा," ते म्हणाले. "डॉक्टरांना त्याचं कळत नाही, त्याला डॉक्टरांचं कळत नाही."

"सर, आम्हाला कुठे एवढं येतं?"

"इस्पितळात दुसऱ्या कोणाला याहून जास्त येतं का?"

आम्ही गेलो. मोठा वॉर्ड, उंच छत, पंखे फिरताहेत की नाहीत ते बघावं लागायचं. तो अगदी टोकाच्या खाटेवर होता. पन्नाशीच्या आसपासचा, करड्या दाढीचा, ताप चढलेला. मी घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि एकदम बोलायला लागला. त्यातलं मला काही म्हणता काही कळेना. आमच्या पुस्तकातली माणसं एकमेकांना किती वाजले ते विचारायची आणि बागेत फुलं आहेत असं सांगायची. हा शब्दांची टोकं खाऊन बोलत होता. मग एकच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला, "काल्दो, काल्दो."

सिन्योरांकडून शिकलेला शब्द मी लगेच ओळखला. काल्दो म्हणजे गरम. मी सिस्टरना सांगितलं, "त्यांना उकडतंय." सिस्टरनी पांघरूण काढून घेतलं. तो थंडीने कुडकुडायला लागला आणि ओठांशी हात नेऊन चमच्याने पिण्याची खूण करू लागला. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, स्पॅनिशमध्ये काल्दो म्हणजे सूप असेल." आम्ही घाईघाईने पांघरूण पुन्हा घातलं. त्या तापातही त्याला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या आईने मटणाचं पातळ सूप डब्यात घालून दिलं. आमच्या घरात मटण शिजणं शक्य नव्हतं. आईने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मी निघताना माझ्या हातात मुगाचं कढण दिलं. "तापात हेच बरं. जिरं घातलंय, तिखट नाही." त्याने दोन्ही संपवलं. कढणाला काय म्हणतात, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "कढण." त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि 'ढ'पाशी अडकला. आईला हे सांगितल्यावर तिने पुढचे कितीतरी दिवस कढण चुकवलं नाही.

हळूहळू मला त्याचं बोलणं उमगायला लागलं. तो स्पेनच्या पार वरच्या टोकाचा, समुद्राकाठच्या गावातला. घरी दोन मुली. धाकटी माझ्याएवढी. मला तो 'निन्या' म्हणायचा, म्हणजे पोरी. रोज माझा पहिला प्रश्न ठरलेला, कसं वाटतंय. त्याचाही पहिला प्रश्न ठरलेला, डॉक्टर काय म्हणाले? मी कधी जाणार? पडल्या पडल्या त्याचा दुसरा, चांगला पाय सारखा हलत असायचा. ते बघून मला माझ्याच पायांची आठवण यायची.

एके दिवशी गेलो तर डॉक्टर खाटेपाशी उभे होते. जहाज कंपनीचा माणूसही होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले, "पाय सडत चाललाय. घोट्याच्या वरून काढावा लागेल. उद्याच. नाहीतर माणूस जाईल. हे साहेब त्याला कालपासून समजावताहेत, पण तो न कळल्यासारखी मान हलवतो. तुम्ही सांगा."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

कापणे या क्रियापदाला स्पॅनिशमध्ये 'कोर्तार' म्हणतात. ते आम्हाला सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी पाव कापते, तू कागद कापतोस, ती फुलं कापते. एवढ्याच वाक्यांत मी ते आजवर वापरलं होतं. मी खाटेच्या कडेवर बसले. "डॉक्टर म्हणतात, पाय," एवढं म्हणून थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मी ते क्रियापद म्हटलं. कापावा लागेल.

त्याने चादरीखालच्या पायाकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, "किती?"

मला घोट्याचा शब्द येत नव्हता. मी साडी जराशी वर करून माझ्याच पायावर, घोट्याच्या वर, बोट आडवं धरलं.

"डॉक्टरांना विचार," तो म्हणाला, "जहाजाची शिडी चढता येईल का?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, लाकडी पायाने चालता येईल, शिडी नाही. तेही मीच त्याला सांगितलं. नाही म्हणायला तर काहीच कष्ट पडत नाहीत. मराठीत, बंगालीत, स्पॅनिशमध्ये, सगळीकडे 'न'च. त्याने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने मान होकारार्थी हलवली. जहाज कंपनीच्या माणसाने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

शस्त्रक्रिया नीट झाली. ताप उतरला. पण त्यानंतर मला स्पॅनिशच्या वर्गात बसवेना. सर फेऱ्या मारत क्रियापदं म्हणायला लागले की मला फक्त 'कोर्तार' ऐकू यायचं. मी वर्ग बुडवून ट्राममध्ये बसायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायची. इस्पितळात मात्र जात राहिले.

सिन्योरांना हे कसं कळलं कोण जाणे. त्यांनी मला घरी बोलावलं. चहा दिला आणि बंगाली-इटालियन मिसळून एक गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा झाला तेव्हा त्यांना बंगालीचा गंध नव्हता. नवरा परगावी गेलेला. नर्सने बाळाला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं आणि जाताना काहीतरी सांगितलं. "ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. मला वाटलं बाळ गेलं. मी रात्रभर तशीच पडून होते. सकाळी नवरा आला तेव्हा कळलं, बाळाला जराशी कावीळ होती, बस."

त्यांनी कप उचलला आणि म्हणाल्या, "आता तू त्या खलाशाचं सगळं मला इटालियनमध्ये सांग. भूतकाळात. चुकलीस तर मी थांबवीन."

मी सांगितलं. त्यांनी मला अनेकदा थांबवलं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात परत गेले. त्यानंतर दोन दिवस शहर बंद होतं, घराबाहेर पडता आलं नाही. तिसऱ्या दिवशी आईचा डबा घेऊन वॉर्डात गेले तर त्याच्या खाटेवर एक म्हातारे बंगाली गृहस्थ झोपले होते. सिस्टर म्हणाल्या, "कालच नेलं त्यांना. विमानाने पाठवणार होते. तुमची वाट बघत होते." मी डबा तसाच घरी आणला. आईने झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "गेला का? बरं झालं. घरी गेला."

त्याच हिवाळ्यात बाबांची नागपूरला बदली आली. परीक्षा अजून झालीच नव्हती. आई ट्रंका काढायला लागली आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, मी येत नाही. मला वाटलं होतं भांडण होईल. आईनेच बाबांना सांगितलं, "तिचं अर्धवट राहायला नको. बागबाजारच्या मावशींना विचारते मी."

या मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्यात राहिलेलं. त्या शाळेत शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांच्या मराठीत निम्मे शब्द बंगाली असायचे. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मासे खातेस? नाही? मग शिक." मी तिथे राहिले. पुढे ढकलता ढकलता एकदाची परीक्षा झाली आणि निकाल त्याहून उशिरा लागला. मी पास झाले. इटालियनमध्ये बरे गुण, स्पॅनिशमध्ये जेमतेम. लेखी उत्तरांत मी म्हणे खलाशांसारखे शब्द वापरले होते.

नोकरी लागली ती डलहौसीतल्या एका आयात-निर्यातीच्या कचेरीत, पत्रांच्या भाषांतराची. काही वर्षांनी तीही सोडली आणि मुंबईला गेले, मग दिल्लीला. बदलीचं कोणी सांगत नव्हतं, मीच निघायची. मैत्रीण भवानीपुरातच राहिली. लग्न होऊन ती समोरच्याच गल्लीत गेली. ती लिहिते की आमच्या जुन्या घराच्या खिडकीत आता कोणी मारवाडी कुटुंब दिसतं, आणि त्यांची मुलगी सारखी येरझाऱ्या घालत असते.