निवृत्तीच्या इटांचा भाव

मागच्या दिवाळीनंतर पुण्याचा एक मानूस आमच्या घरी आला होता. जुने कंदील, जुनं पितळ, जुने खेळणे, असं कायबाय इकत घेत फिरते तो. माह्या नातवानं सांगतलं असंल त्याले. ओसरीवर बसला, माह्या भावाचा लाकडी इटांचा डबा मांडीवर घेतला, एक एक ईट मोजली, बुडाचा शिक्का वाचला अन् तोंड वाकडं केलं.

"आजोबा, शिक्क्यावर नग बहात्तर लिहिलंय आणि आत निघाले चौऱ्याहत्तर. दुसऱ्या डब्यातले दोन मिसळलेत यात. असं असलं की किंमत पडते."

मले हासू आलं. म्हणलं, "बापू, तू आत्ता आला. या डब्याचा भाव म्या मोताळ्याच्या बाजारात लावला होता, महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी. तो कसा लागला ते आयक, मंग किंमत पाड."

मी उकंडराव. बैलांचा दलाल. शाळा चौथीपावतो, पन मोताळ्यापासून संग्रामपूरपावतो असा एक बाजार नव्हता का जिथं माही वाट पाह्यत नसत. बैलाच्या तोंडात हात घालून मी जे वय सांगो, ते त्याच्या मालकालेबी ठाऊक नसे. खोटं वाटत असंल तर जुन्या मान्सायले इचारा. आता ते मेले, तो भाग वेगळा.

निवृत्ती माहा धाकला भाऊ. चार वर्षांनी लहान. वावराच्या कामाचा नव्हताच तो. नागर हातात देल्ला का तास वाकडं गेलंच म्हणून समजा. आमचा बाप जानराव, लय कडक मानूस, धुऱ्यावरून ओरडे, "अबे, नागर हाकून राह्यला का साप?"

निवृत्तीचं ध्यान तासात नसे. त्या साली गावात सोसायटीचं गोदाम बांधून राह्यले होते, त्याचं ध्यान तिकडं. जरा मोकळा झाला का तिथं जाऊन उभा. गवंडी ईट कशी ठेवते, वरच्या थरात सांधा कसा सरकवते, अन् भिंतीच्या शेवटाले जागा उरली का थापीनं ईट तोडून अर्धी कशी बसवते, ते पाह्यत राहे. त्या अर्ध्या इटेले गवंडी 'अद्धा' म्हणे. एक दिवस निवृत्ती मले म्हणे, "दादा, पुरी ईट कोनीबी ठेवंल. भिंत अद्ध्यावर संपते."

म्या म्हणलं, "जेव आता."

मंग त्यानं सोताच इटा कराले सुरुवात केली. सुताराकडं बैलबंडीचे उरलेले तुकडे पडले राहत, साग म्हना, बाभूळ म्हना. ते आने, अंगठ्याएवढ्या इटा कापे, फरशीवर घासे अन् जवसाचं तेल लावे. पुऱ्या इटा, अद्धे, अन् दरवाज्यावर आडव्या ठेवाले लांब पट्ट्या. बहात्तर नगांचा एक डबा, त्याले सरकतं झाकण. ज्याच्या हातानं एक तास सरळ निघे ना, त्याच्या बहात्तर इटा एकीवर एक रचल्या तर केसाची फट नव्हती! असा भाऊ होता माहा. तुमच्या पुण्यात एक दाखवा.

आमची माय, गोजरबाई, म्हणे, "करू द्या. चूल पेटवाले तरी होतीन."

बापाले मात्र ते पटे ना. एक दिवस सकाळी त्यानं सांगून टाकलं, "गुढीपाडवा आला का याले साखरखेर्ड्याले पाठवतो. तिकडच्या पाटलाकडं सालदार म्हणून राहील. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबला का हे खेळ सुटते."

साखरखेर्डा म्हंजे आमच्यासाठी मुलूख दुसरा. निवृत्ती खाली मान घालून ईट घासत राह्यला. पन त्यानं ती ईट बाजूले ठेवली तेव्हा म्या पाह्यलं, तिचा कोना तिरपा गेला होता. आजपावतो असं झालं नव्हतं.

म्या बापाले म्हणलं, "बाबा, पाडव्याले तीन हप्ते हायेत. मी याच्या इटांले गिऱ्हाईक आनतो. नाही आनलं, तर मीच सोता याले साखरखेर्ड्याले नेऊन सोडतो."

"तू बैल इक," बाप म्हणे. "लाकडाचे तुकडे कोन घेते?"

"माह्या हातानं इकलं तर दगडबी घेतीन!"

बोलून तर गेलो.

मोताळ्याच्या बाजारात मलकापूरचे तुळशीराम शेटजी पाल लावत. बांगड्या, आरसे, शिट्ट्या, बाहुल्या, सारं त्यायच्यापाशी. आम्ही दोघं भाऊ त्यायच्यापुढं जाऊन उभे राह्यलो. शेटजीनं डबा हातावर तोलला.

"उकंडराव, जळतनाच्या भावानं घेऊ का?"

"तुमची चूल येवढी महाग कवापासून झाली?"

शेटजी हासले. मंग त्यायनं पेटीतून मुंबईहून आनलेल्या पलास्टिकच्या इटा काढल्या. लाल भडक. एकीत एक दाबली अन् उलटी धरली. "हे पाह्य. फसली का पडत नाही. याच्यापुढं तुमचं लाकूड काय घेऊन बसले?"

खरं सांगतो, माहीबी जीभ जरा अडखळली. ती चीज चांगलीच होती. निवृत्तीनं त्या लाल इटा हातात घेतल्या, फिरवून फिरवून पाह्यल्या अन् हळूच म्हणे, "यात अद्धा नाही."

"काय नाही?"

"अद्धा. अर्धी ईट. मंग भिंतीच्या शेवटाले दात राह्यतीन."

"पोट्ट्यांले शेवटाशी काय करायचं हाय बे?" शेटजी म्हणे.

तेवढ्यात माह्यातला दलाल जागा झाला. म्हणलं, "शेटजी, तुम्ही मागच्या साली माह्याकडून जोडी घेतली. नुसती पाहून घेतली का?"

"नाही. आठ दिवस जुपून पाह्यली."

बैलाची रीत तशीच होती. घेनारा जोडी घरी ने, आठ दिवस कामाले जुपे. पसंत पडली तर पुढच्या बाजारी सौदा, नाही तर जनावर परत.

"मंग हा डबा न्या. आठ दिवस घरी जुपा. पुढच्या बाजारी बोलू."

"अन् परत आनला तर?"

"तर राम राम."

फुकटात मिळते म्हणल्यावर कोनता दुकानदार सोडंल? नेला डबा.

ते आठ दिवस निवृत्ती नवी ईट करे ना. सुताराकडंबी गेला नाही. मायनं त्याचं धोतर अन् घोंगडं धुऊन वाळत घातलं, साखरखेर्ड्यासाठी. ते दोरीवर हाललं का मी दुसरीकडं पाहो.

बाजाराचा दिवस आला. शेटजीनं आम्हाले पाह्यलं अन् डबा पुढं सरकवला. "घ्या तुमचं लाकूड. कोनी हात लावला नाही. फळीवर पडून होतं."

निवृत्तीनं गुपचाप हात पुढं केला. म्या त्याचं मनगट धरलं. "ठहर बे."

मी तिथंच खाली बसलो. झाकण सरकवलं. आजूबाजूचे मानसं गोळा झाले. उकंडराव बसला म्हंजे काही तरी पाहाले भेटते, हे त्यायले ठाऊक. आता पाह्य बापू, बैल जुपलेला हाय का नाही हे लपत नाही. खांद्यावर जुवाची जागा घासते, काळी पडते. मालक लाख सांगो. म्या एक ईट उन्हात धरली. आठ दिवसामागं कोने पिवळे होते, आता हाताच्या मळानं काळे झाले होते. नाकाशी धरली, तर गूळ-तुपाचा वास. दुसरी, तिसरी, तेच. मंग एक अद्धा हातात आला अन् माहे डोळे चमकले.

त्याले दात लागले होते.

म्या तो समद्यायले दिसन असा वर धरला. "शेटजी, तुमच्या घरी चार दाती नातू हाय. उमर दहा महिने. खालचे दोन दात आधी आले. वरचे या पंधरवड्यातले, अन् त्यातला डावा अजून पुरा फुटला नाही."

शेटजीचं तोंड उघडं ते उघडंच.

शेजारी चांगुणा भाजीवाली बसली होती. ती टाळी वाजवून म्हणे, "अवो, खरं हाय ना! आता सकाळीच शेटजी सांगत होते, नातवाले वरचे दात येऊन राह्यले म्हणून!"

बाजार असा हासला का बैलबी वळून पाहाले लागले. मागून कोनी ओरडलं, "उकंडराव, आता शेटजीची उमर सांगा!"

"तोंड उघडंच हाय," म्या म्हणलं, "सांगू का?"

शेटजीबी मोठ्या दिलाचा मानूस. पोट धरून हासले अन् माह्यासमोर फतकल मारून बसले. "काय सांगू बाप्पा! लहाना ती ईट मुठीतून सोडत नाही. मोठ्याले जेवाले चार हाका मारा लागते. अन् आमच्या घरच्यायनं इटांचं मंदिर करून त्यात बाळकृष्ण ठेवला."

मी सौदा काढनारच होतो, तेवढ्यात निवृत्ती मधात बोल्ला. "शेटजी, दरवाज्याच्या वर अद्धे पुरले का?"

शेटजीनं इकडं तिकडं पाह्यलं अन् आवाज उतरवला. "दोन कमी पडले. म्या लय खटपट केली. दोन दिस दुकान उशिरा उघडलं."

"मले शंका होतीच," निवृत्ती म्हणे, अन् बोटानं धुळीत भिंत काढाले लागला.

माही तळपायाची आग मस्तकात! मी इथं भाव चढवून राह्यलो, अन् हा आपल्याच बैलाची खोड कबूल करून राह्यला! म्या त्याले कोपरानं ढोसलं. त्याचं ध्यानच नाही. धुळीत अद्धे मोजून राह्यला.

मंग म्या खांद्यावरचा शेला काढला अन् मधात पसरला. शेटजीनं त्याच्याखाली हात घातला, म्याबी घातला. दलालीत भाव तोंडानं बोलत नसत. जेवढी बोटं धरली तेवढे रुपये. अर्ध्या बोटाले धरलं का आठ आने. शेटजीनं दोन बोटं धरली. म्या त्यायची पाचही आवळली. वरून आम्ही कपाशीचं बोलून राह्यलो. "औंदा बोंड बारीक हाय." "हाव, पानी उशिरा आलं ना." खाली झटापट. निवृत्ती माह्या तोंडाकडं पाह्यत उभा. त्याचं सारं साल त्या शेल्याखाली होतं अन् त्याले काही दिसे ना. शेवटी शेटजीनं तीन बोटं धरली अन् चौथ्याले अर्ध्यावर. म्या हात दाबला. साडेतीन रुपये डबा, महिन्याचे दहा डबे.

सौदा झाला का दोन्हीकडून दलाली घ्याची रीत. भावाकडून कायले घेऊ? शेटजीले म्हणलं, "मले तो दात लागलेला अद्धा द्या."

"दुसरं काहीबी मागा उकंडराव. त्याच्याबिगर पोट्टं झोपत नाही."

सारी उमर दलाली केली. दलाली बुडाली ती तेवढीच, अन् तीबी चार दाती गिऱ्हाइकापायी.

घरी आलो तर बाप दारात. "किती?" म्हणे. म्या शेला टाकला अन् त्याच्याखाली बापाचा हात धरला. तीन बोटं अन् अर्धं. त्याले खरं वाटे ना म्हणून दुसऱ्यांदा धरली. बापानं हात काढला. मंग मायले म्हणे, "ते घोंगडं काढ दोरीवरचं. साखरखेर्ड्याले निरोप धाडतो, दुसरा सालदार पाहा म्हना."

म्या मलकापुराहून रबरी शिक्का करून आनला. 'निवृत्ती जानराव, मोताळा. नग ७२.' मजकूर माहा. पहिल्या दहा डब्यांवर मीच मारला, अन् सहज एक डबा मोजला तर चौऱ्याहत्तर! दुसरा मोजला, चौऱ्याहत्तर.

"अबे, दोन जास्त गेले!"

"शेटजीले दोन अद्धे कमी पडले होते ना."

"भाव बहात्तरचा ठरला! म्या शेल्याखाली हात देल्ला!"

"हात तुहा, दादा. भिंत माही हाय."

"शिक्का बदलनार नाही मी!"

"नको बदलू ना."

चौदा वर्षं त्यानं डबे केले. मनकर्णा त्याची बायको झाली, तेलाचा हात तिचा. दर डब्यावर बहात्तर लिहिलेलं, दर डब्यात चौऱ्याहत्तर. मी दर महिन्याले भांडो, तो दर महिन्याले हासे. मंग पलास्टिक सस्तं झालं, शेटजीचा पोरगा डबे घेई ना. निवृत्तीनं मंग दारं-खिडक्या केल्या, अन् गावात आजबी एकाही दाराले फट नाही. त्याले जाऊन सात वर्षं झाले. हा एक डबा राह्यला.

हे सारं आयकून पुण्याचा मानूस म्हणे, "मग आजोबा, किंमत?"

"आधी जुप."

तो हासला. पन बसला खाली, पँट सावरत. एक थर लावला, दुसरा लावला. नातसुनेनं चहा आनला, तो थंडा झाला. दरवाज्यावर पट्टी ठेवली, तिच्यावर थर लावत गेला. दोन्ही शेवटाले जागा उरली तसा डब्यात चाचपडाले लागला, अन् ते दोन अद्धे त्याच्या हाताले लागले. बसवले. भिंत सुतात आली. त्यानं काठावरून बोट फिरवलं, वरून खाली.

मंग त्यानं मले एक आकडा सांगतला. मोठा होता, खोटं नाही बोलत. बैलांच्या दोन जोड्या आल्या असत्या त्या काळात.

म्या खांद्यावरचा शेला काढला अन् आमच्या दोघांच्या मधात पसरला. माहा हात खाली घालून ठेवला.

तो शेल्याकडं पाहे, मंग माह्याकडं पाहे. "आजोबा, हे काय?"

त्याचा हात शेल्याखाली येते का म्हणून जरा वाट पाह्यली. मंग शेला झटकला, खांद्यावर टाकला अन् इटा एक एक करून डब्यात भराले लागलो. तोबी भरू लागला. चौऱ्याहत्तर भरल्या.