मावशींचं थांबत बोलणं

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी एकेक शब्द बोलून थांबतात. जिन्यात भेटल्या की म्हणतात, "जय भीम, भाऊ." मग थांबून, "जेवलात?" आपला शब्द समोरच्याला पोहोचल्याची खात्री होईपर्यंत त्या पुढचा काढत नाहीत. पूर्वी त्या सलग बोलायच्या.

उल्हासनगरहून आणलेल्या त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स ही मोफत सिस्टिम बसवून दिली होती. मस्कतला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉल सुरू झाला की लॅपटॉप तापून बंद पडायचा. आतल्या पंख्यात धूळ साचली असणार, हे मला कळत होतं. पण उघडायचा कंटाळा केला आणि प्रोसेसरचा वेगच निम्म्यावर आणून ठेवला. लॅपटॉप थंड राहिला, कॉलवरचा आवाज मात्र तुटू लागला. मावशींनी तक्रार केली नाही. एकेक शब्द तरी नीट पोहोचावा म्हणून त्या तुकड्यातुकड्यानं बोलायला शिकल्या, आणि ती सवय जिन्यातही आली. वर्षभर मी समजत होतो की हे वयामुळे आहे.

गेल्या रविवारी त्यांचा तुटक कॉल कानावर पडला तेव्हा खरं कारण कळलं; मी पंखा साफ केला आणि वेगाची मर्यादा काढली. मुलगा स्वच्छ दिसला, स्वच्छ ऐकू आला.

"जेवलास?" मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो. अजून बोल ना, आई."

"बरा." त्या पुन्हा थांबल्या. "आहेस?"

"बराय गं. तू कामात आहेस का? मग ठेवतो मी."

त्याचं बोलणं पूर्ण पोहोचायची मावशी वाट बघत राहिल्या. त्या "नाही" म्हणाल्या, तेव्हा स्क्रीनवर त्याचा चेहरा नव्हता.