कोकराला मी न्हाऊ घातलं होतं

अगं मंगल, ये अशी जवळ, बस. उंबऱ्यातूनच “माने सर गेले, आजी” एवढं सांगून कुणी पाठ फिरवतं का? तुला बारामतीची एसटी गाठायची होती, कळतं मला. पण जरा टेकली असतीस तर तेव्हाच बोलले असते. आता महिना झाला. अक्षरं मी नातवंडांच्या पाटीवरून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. हे पेपराच्या पुरवणीला धाडतेय, म्हणजे तुझ्यासोबत शाळेत शिकलेल्या बाकीच्यांच्याही हाती पडेल.

माने सर आमच्या वाडीच्या शाळेत नव्वद सालच्या आसपास आले. विज्ञान शिकवायचे, पण वर्गात कमी आणि बांधावर जास्त. मुंग्यांची वाट बोटानं पुसायचे आणि मागून येणारी मुंगी कशी बावरते ते पोरांना दाखवायचे. एक दिवस माझ्याकडं आले. “मावशी, एवढ्या कळपात मेंढीला आपलं कोकरू कसं ओळखू येतं हो?” मी हसले. “सर, एवढं शिकून हे ठावं न्हाय? वासानं! व्याल्या व्याल्या चाटती, तवाच वास मनात बसतो.” त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाले, “मग हा धडा तुम्हीच शिकवायचा. मेंढी व्याली की निरोप द्या, सातवीचा वर्ग आणतो.”

मेंढरांमागं जन्म गेलेल्या बाईला ‘शिकवा’ म्हणाले गं... मी हवेतच. चार दिवसांनी मेंढी व्याली. कोकरू चिकट, मातीनं माखलेलं. शाळेची पोरं बघणार, म्हणून आईनं चाटायच्या आधीच मी ते उचललं, कोमट पाण्यात वासाच्या साबणानं न्हाऊ घातलं, चुलीपाशी सुकवलं. सरांना ऐटीत सांगितलेलं मीच विसरले.

पोरं आली, कोकराला कुरवाळून झालं, मग मी ते मेंढीपुढं सोडलं. तिनं हुंगलं आणि अशी ढुशी मारली की ते लांब जाऊन पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ढुशी. “आजी, मेंढी तुमचीच हाय ना?” कुणीतरी खिदळलं आणि माझा तोल गेला. “तुमच्या हातांचा वास लागला त्याला, मेल्यांनो! आन सर, चार बुकं वाचून माझ्या जित्राबावर परयोग करता व्हय?” सरांनी कोकरू उचललं, छातीशी धरलं, त्याच्या मानेत नाक घातलं... आणि माझ्याकडं पाहिलं. साबण त्यांना कळला होता. मग पोरांकडं वळून म्हणाले, “चूक माझी. मी तुम्हाला हात लावू द्यायला नको होता.”

माझा ओरडा वाडीभर झाला. मोठ्या गुरुजींनी पोरांना बाहेर न्यायची बंदी केली. बारामतीला बदली होईपर्यंत सर मुंगीसुद्धा फळ्यावर खडूनं काढून शिकवायचे. कोकरू त्यांनीच बाटलीवर जगवलं. ते त्यांच्या सायकलीमागं पळायचं. वाटेत भेटले की “मावशी, बरं आहे ना?” विचारून क्षणभर थांबायचे. तेवढ्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं... पोरांपुढची माझी ऐट गेली असती ना.

मंगल, त्या दिवशी तू पुढंच उभी होतीस. मी तुमच्यादेखत सरांना खोटं पाडलं, ते नुसतं कागदावर लिहून निस्तरत नाही. ज्या पोरांनी ते ऐकलं, त्यांच्या तोंडाकडं बघून मला खरं सांगायचंय. जी भेटतील त्यांना घेऊन ये बाई. आणि लवकर ये.