मिल चालू आहे का?

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला मिळालेला विषय घरी समजावून सांगताना माझी फार फजिती झाली. कॉम्प्युटरला काळ शिकवायचा आहे, असं मी म्हणाले तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे घड्याळ?" बाबा हसले नाहीत. पायातले बूट काढता काढता ते म्हणाले, "त्याला येत काय नाही नेमकं?"

माझ्या मार्गदर्शक सरांनी मला जसं सांगितलं होतं तसंच मी बाबांना सांगितलं. पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर पेन ठेवलं, उठून खोलीचं दार उघडलं आणि विचारलं, "पेन कुठे आहे?" टेबलावर, मी म्हणाले. "कशावरून? मी तर आत्ता दार उघडलं." दार उघडल्याने पेन हलत नाही, हे माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र या क्षणी खरी असलेली गोष्ट पुढच्या क्षणी खरी राहिली की नाही, ते कळत नाही. काय बदललं ते त्याला सांगता येतं. काय काय बदललं नाही, ते किती सांगणार? म्हणून त्याला एक नियम द्यायचा: एकदा खरी झालेली गोष्ट खरीच राहते, जोवर ती संपवणारी घटना घडत नाही. हा नियम एखाद्या खऱ्या जागी लावून बघायचा, एवढं माझं काम होतं.

"मग आमचं खातं घे ना बेटा," बाबा म्हणाले. "तिथे दिवसभर दुसरं काय चालतं?"

बाबा मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवायचे, हे त्यांचं काम. छत्रीबागेतल्या आमच्या घरून सायकलवर निघायचे आणि पाळी संपली की कानात मागांचा आवाज घेऊन परत यायचे. घरात एवढ्या मोठ्याने बोलायचे की शेजारच्यांना आमची भाजी कुठली ते कळायचं. त्या हिवाळ्यात रोज दुपारी ते चहा घेऊन माझ्यासमोर बसू लागले. मी वही उघडायची, ते सांगायचे.

"बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला, की माग आपोआप थांबतो. पण ताण्याचा, म्हणजे उभा तुटला तर थांबत नाही. विणतच राहतो. कापडात फट पडत जाते, बस."

"मग कळतं कसं?"

"विणकराची नजर पडली की कळतं. नाही पडली, तर कळत नाही."

हे मी नियमात बसवायला आठवडाभर झटले. कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत बसायचं, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकेक घटना भरायची आणि प्रश्न विचारायचे. अमुक वेळी माग चालू होता का? उत्तर बरोबर आलं की मी घरी येऊन बाबांना सांगायची. ते आईकडे बघून म्हणायचे, "आता मशीनलासुद्धा जॉबर केलं हिने."

मिल बंद पडली ती त्याच दिवसांत. बंद पडली, असं आज म्हणते. तेव्हा कुणीच म्हणत नव्हतं. आधी सूत आलं नाही म्हणून दोन पाळ्या थांबल्या. मग एक दिवस वीज कापली गेली. मग फाटकाला कुलूप लागलं आणि शेजारी एक कागद डकवला, 'पुढील सूचनेपर्यंत'. ती सूचना आलीच नाही. बाबा मात्र पाळीच्या वेळेला घरून निघायचे. फाटकासमोरच्या लिंबाखाली सगळे जमायचे, पेपर वाचायचे. पेपरात देश कसा खुला होतोय याच्या बातम्या असत, शहराबाहेर पीथमपूरला कुठले नवे कारखाने येताहेत ते असे. दुपारी बाबा परत येत. आता ते हळू बोलत. कानांतला आवाज गेला होता.

अडीच-तीन महिन्यांनी एका दुपारी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एक काम कर. तुझ्या मशीनला विचार, मिल चालू आहे का?"

मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी खरंच विचारलं. उत्तर आलं: हो. येणारच होतं. मिल चालू आहे, हे मीच कधीतरी भरलं होतं, आणि ती बंद झाल्याची घटना कुणी भरलीच नव्हती. घरी येऊन मी हसत हसत सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटर म्हणतो, चालू आहे." ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "बघ."

त्यांनी ते लिंबाखाली सांगितलं. मला याचा पत्ता नव्हता. तीन दिवसांनी फिटरकाका घरी आले तेव्हा कळलं.

फिटरकाका बाबांचे मिलमधले सर्वांत जुने दोस्त. महूचे. त्यांचे आजोबा पलटणीत होते आणि ती ताठ बसण्याची सवय नातवापर्यंत उतरली होती. मिलमधला कुठलाही माग ते आवाजावरून ओळखत. त्या दिवशी ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि आईने दिलेलं पाणी हातात धरूनच माझ्याशी बोलू लागले.

"बेटा, पीथमपूरला एका कारखान्यात मला बोलावलंय. सोमवारी जायचंय. पण तिकडे नाव लागलं की इकडचं कटतं, असं सगळे म्हणतात. उद्या मिल सुरू झाली तर अपन बाहर. तू पढी-लिखी आहेस. तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो, खरं सांग."

मी सांगायला सुरुवात केली. "काका, तसं नाहीये ते. त्याला जेवढं मी सांगते तेवढंच त्याला—"

"चालू आहे म्हणतो ना तो?" बाबा मधेच म्हणाले. "तूच सांगितलंस ना मला?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दाढी केलेली नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात तो जुना, मोठा आवाज आला होता. काका माझ्याकडे बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं: मिल बंद झाली आहे काका, तुम्ही जा. ते मला येत होतं. पण ते बाबांच्या तोंडावर बोलायला लागलं असतं.

"हो," मी म्हणाले. "म्हणतो तसं."

काकांनी पाणी प्यायलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. सोमवारी ते पीथमपूरला गेले नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फाटक उघडलं. बाबा धावतच घरी सांगायला आले होते, मग लगेच परत गेले. संध्याकाळी आले तेव्हा कळलं. आत ट्रक गेले होते. माग तोडून भंगारात न्यायचे होते. ठेकेदाराला यंत्रं सोडवणारी माहीतगार माणसं हवी होती. बाबांनी नाही म्हटलं. फिटरकाकांनी हो म्हटलं. घरी बसून बसून ते कंटाळले होते, आणि बायको आजारी होती.

ज्या यंत्रांना त्यांनी आयुष्यभर तेल घातलं तीच ते खोलत होते. नवव्या की दहाव्या दिवशी, आढ्याजवळचा मोठा शाफ्ट, माग फिरवणारा लोखंडी दांडा, गॅसकटरने कापताना तो दुसऱ्या टोकाकडून निसटला. काका खाली उभे होते. त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा बाबा सोबत होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास काका गेले. बाबा घरी आले, मोरीत जाऊन हात धुतले, बराच वेळ धूत राहिले. आईने टॉवेल दिला तर म्हणाले, "ग्रीस आहे, निघत नाही."

त्यानंतर बाबा फाटकाकडे गेले नाहीत. त्या 'हो'बद्दल ते मला कधीच काही बोलले नाहीत, मीही नाही. आम्ही जेवायला शेजारी बसायचो. ते वाटी पुढे सरकवायचे, मी वाढायची.

प्रबंध मी नंतर बदलला. विणाई खातं काढून टाकलं आणि त्या जागी पाण्याची टाकी घातली. नळ सोडला की टाकी भरते, भरली की सांडते, नळ बंद केला की थांबते. टाकी नीट वागायची. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एखादी गोष्ट संपली, पण ती संपवणारी घटना कुठली, हे कुणालाच सांगता येत नसेल, तर तुमचा प्रोग्रॅम काय करेल?"

"तो तिला चालूच समजेल," मी म्हणाले.

"मग हा दोष आहे."

"हो सर."

त्यांनी काहीतरी लिहिलं. उदाहरण फार स्वच्छ निवडलंय, असं कौतुकही केलं. मी पास झाले. त्याच कॉलेजात मला शिकवायची नोकरी लागली. बाबांना सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानी मोजमापाचं काम मिळालं. दिवसभर ते नटबोल्ट निवडत असत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रविवारी सकाळी मी एकटी फिटरकाकांच्या घरी, काकूंकडे गेले. काकूंनी दारातच ओळखलं. अंगात स्वेटर होता, उन्हं असूनही. मी बसले आणि घरातून ठरवून आणलेलं सगळं एका दमात बोलले. काका विचारायला आले होते, मला खरं माहीत होतं, मी हो म्हणाले, म्हणून ते थांबले.

काकूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या मशीनसाठी थांबतील का गं ते? मीच म्हटलं होतं, नका जाऊ. एवढ्या लांब रोज ये-जा, माझं हे असं दुखणं. मीच थांबवलं त्यांना."

"खरंच काकू?"

"अगं हो तो! चहा घेतेस ना?"

त्या आत गेल्या. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत गेल्या. चहा गोड होता, फार गोड. निघताना त्यांनी मला पुन्हा यायला सांगितलं, आणि बाबांना घेऊन ये म्हणाल्या.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात सायकलची चेन पुसत होते. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि काकू काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी फडक्याची घडी केली, उलटी केली, पुन्हा पुसायला लागले.

"चांगली बाई आहे ती," ते म्हणाले.